गप बसायची इजाजत

गाणं सुरू व्हायच्या आधी गप बसायचं, हा गिरदावरांच्या बागेतला पहिला नियम. गप म्हणजे नुसतं बोलायचं नाही असं नव्हे. पानाची पिचकारी नाही, बांगड्यांची किणकिण नाही, पोरांना दटावणंसुद्धा नाही. आम्हा गाडीवाल्यांना आणखी एक होतं. ते ओट्यावर उभे राहून खांद्यावरचं उपरणं वर धरायचे. ते दिसलं की कढई जाळावरून खाली आली पाहिजे, घाणा अर्धा कच्चा असला तरी. तेलाची चुरचुर विझायची, माणसं निवळायची, आणि हे मान तिरकी करून ऐकत राहायचे. विहिरीपलीकडं लिंबाखाली बाजारकऱ्यांचे बैल बांधलेले असत. त्या बैलांचं रवंथ ओट्यावर ऐकू आलं म्हणजे शांतता पिकली, असा त्यांचा हिशेब. मग उपरणं खाली, आणि मग गाणाऱ्यानं सूर लावायचा. एका कव्वालाला त्यांनी तीनदा हात जोडून थांबवलं होतं. तिसऱ्यांदा तो चिडून म्हणाला, "जनाब, मैं बैलों के लिए गाऊं क्या?" तर हे म्हणाले, "त्यांच्यासाठी न्हाई. पण त्यांच्यानंतर."

मला ते रवंथ कधीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या कुणाला येत होतं का, तेही मी कधी विचारलं नाही. माना मात्र सगळे हलवायचे.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे गिरदावर म्हणायचे. निजामाच्या महसुलात तीस वर्षं ते गिरदावर होते, म्हणजे घोड्यावरून गावोगाव फिरून पिकं बघायची, पाहणी लिहायची. तेलगाव-वडवणीकडची सगळी रानं त्यांच्या घोड्यानं तुडवलेली. नोकरी सुटली त्या आठवड्यात त्यांनी घोडा विकला, आणि परत कुठल्याही वाहनात पाय ठेवला नाही. कुणी भर उन्हात बैलगाडी थांबवून "या की वरी" म्हटलं तर हात हलवायचे. "लई बसलो वरी," म्हणायचे, आणि धुरळ्यातून गाडीच्या बरोबरीनं चालत राहायचे. गाडीवान ओशाळून बैल हळू हाकायचा. शेवटी दोघंही उशिरा पोचायचे.

गावाच्या कडेचं त्यांचं रान चांगलं कापसाचं होतं. त्यात त्यांनी कापूस लावायचा सोडून चिंचा, लिंबं आणि मोगरा लावला, मधोमध दगडी ओटा बांधला आणि पुढं एक दरवाजा केला. नुसता दरवाजा. कुंपण नाही, भिंत नाही. चारी बाजूंनी रान मोकळं आणि मध्ये सागवानी दरवाजा उभा. तरी माणसानं दरवाजातूनच यायचं. बाजूनं कुणी शिरला तर त्याला परत पाठवायचे. "कुणी येऊ नये म्हणून न्हाई केला," ते सांगायचे, "आल्याचं आपल्याला कळावं म्हणून केलाय." लोक बागेला येड्याची बाग म्हणायचे, आणि दरवाजातूनच यायचे.

पाडव्यापासून मिरगापर्यंत दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, ऊन कललं की तिथं गाणं व्हायचं. फुकट. कोणीही यावं, कोणीही बसावं. कधी सनईवाले, कधी गोंधळी, कधी आसपासची भजनी मंडळी, कधी मोमिनाबादची एक म्हातारी गाणारी बाई. चिंचांखाली आमच्या गाड्या एका रांगेत: माझी भज्यांची, शेजारी एका जंगम अप्पांची जिलेबीची, पुढं फुटाणे-मुरमुरे, टोकाला खरबुजं. माझ्या गाडीच्या साट्याच्या फळ्यांवर माती थापून चूल केलेली. पहिली पत्रावळ गाणाऱ्याची, ती प्रत्येक गाडीनं द्यायची. मग लोकांचं खाणं. आणि खाऊन झाल्याशिवाय गाणं नाही. "उपाशी माणूस ऐकत न्हाई," गिरदावर म्हणायचे, "तो वाट बघतो."

मी त्यांच्याबद्दल लिहितोय हे धाडसच आहे. माझी शाळा तिसरीत सुटली. राजापूरकडचा मी, घरातून पळालो आणि एका नाटक कंपनीत भांडी घासायला लागलो, पुढं आचारी झालो. कंपनी इकडं मराठवाड्यात आली आणि फुटली. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन तो गेला. माझ्या हाताला कढई लागली. ती डोक्यावर घेऊन चालत चालत या गावच्या विहिरीवर आलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि पुढं कुठं जायचं ते माहीत नव्हतं. मी कढई उपडी घालून तिच्यावर बसलो होतो.

गिरदावर पाणी शेंदायला आले. मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाले, "कढई पालथी कावून घातलीस?"

"रिकामी आहे, म्हणून."

"मग भर की."

इतकंच. त्या गुरुवारी त्यांच्या घरचं बेसन, करडईचं तेल आणि कांदे माझ्या पुढ्यात आले. दोन वर्षांनी वडवणीकडच्या एका घरी त्यांनीच माझ्यासाठी मुलगी पाहिली. सासऱ्यांनी विचारलं, "पोरगा कुठला?" तर म्हणाले, "आता हितलाच." मी आजवर ज्यांच्यापुढं मान वर करून बोलू शकलो नाही असा हा एकच माणूस. भीती नव्हती ती. भीती मला बाकी सगळ्यांची वाटायची.

आणि लग्नानंतरच्या एका उन्हाळ्यात भ्यायला कारणही मिळालं. वरून हुकूम आला होता की इजाजतीशिवाय माणसं जमवायची नाहीत. सभा नाही, व्याख्यान नाही. गिरदावरांनी तहसिलीतून गाण्याचा कागद आणला, सूर्य बुडेपर्यंतचा. त्याची काही अडचण नव्हती. पण ठाण्यावर नवे अमीन, म्हणजे फौजदार, आले. तरुण, कडक इस्त्रीचे, या भागात कुणाला न ओळखणारे. एका गुरुवारी ते घोड्यावरून थेट मोगऱ्याच्या वाफ्यातून बागेत शिरले.

गिरदावर त्यांच्या आडवे गेले. "साहेब, दरवाजा तिकडं हाय."

अमीनांनी आजूबाजूचं मोकळं रान बघितलं, मग तो एकटा दरवाजा बघितला. आपली थट्टा चाललीय की काय असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. पण दीडदोनशे माणसं बघत होती. ते घोडा वळवून गेले, खाली उतरले आणि दरवाजातून आत आले. जिलेबीवाले अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "मेलो आपण."

नेमकं त्याच वेळी उपरणं वर गेलं.

कढया उतरल्या. माणसं गप झाली. अमीन मध्यभागी उभे. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. कुणी बोलेना, कुणी हलेना. त्यांचा हात पट्ट्याकडं गेला.

"ये क्या हो रहा है?"

गिरदावरांनी बोट ओठांवर ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "ऐकायलेत."

"क्या सुन रहे हैं? कोई गा तो नहीं रहा!"

"हौ. त्येच ऐकायलेत."

पाठीमागं कुणीतरी फुस्सकन हसलं. ते हसू आम्हाला फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. गिरदावरांना, आणि मलाही. मला कशाला, ते मला तिथं गेल्यावर कळलं. अमीनांपुढं तो इजाजतीचा कागद होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "इसमें गाने की इजाजत है. चुप बैठने की नहीं." दोनशे माणसं एका उपरण्याच्या इशाऱ्यावर गप होतात, म्हणजे हीच माणसं उद्या एका इशाऱ्यावर उठतीलही, असं त्यांचं म्हणणं. आज विचार करतो तर वाटतं, त्यांच्या जागी त्यांचं काही अगदीच चूक नव्हतं.

"गाण्याच्या आधीची शांतता गाण्यातच धरत्यात," गिरदावर म्हणाले.

"कहाँ लिखा है?"

"लिहिलेलं न्हाई. त्येच तर."

मग अमीन माझ्याकडं वळले. "ये कहाँ का?"

मी राजापूर म्हणालो. म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला. गैरमुल्की. बाहेरचा माणूस, बागेत गाडी लावून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो. गिरदावरांना हात लावणं सोपं नव्हतं. पेन्शनीतला माणूस, तहसिलीत ओळखीचा. मला लावणं सोपं होतं. अमीनांनी कारकुनाकडून लिहून घेतलं: पुढल्या गुरुवारी गाणं होवो, बाजार होवो, हरकत नाही. पण गाणंही नाही आणि बाजारही नाही अशा अवस्थेत जमाव दिसला, तर इजाजत रद्द, आणि हा इसम बायकोसह दुसऱ्या सकाळी सरहद्दीपार. माझा अंगठा घेतला. मला सही येते, तरी अंगठाच घेतला. गिरदावरांना म्हणाले, "आप लिख दो, चुप नहीं बैठेंगे."

गिरदावरांनी टाक हातात घेतला, बघितला, आणि परत दौतीत ठेवला. "गाणं हुईल एवढं लिहितो," म्हणाले. तेवढंच लिहिलं आणि उठले.

वाटेत मी त्यांच्या मागं चालत होतो. वडाजवळ थांबून त्यांनी एका वाटसरूला त्याच्या बैलाचा खूर दुखतोय असं सांगितलं, कारण पावलं एकसारखी वाजत नव्हती. मग पुढं निघाले.

माझ्या बायकोला तेव्हा आठवा महिना होता. तिचं अंग भरून आलं होतं, पाय सुजले होते. वैशाखाच्या उन्हात तिला गाडीत घालून सरहद्दीपलीकडं न्यायचं, आणि पलीकडं कुणाच्या दारात? राजापूरला मी तोंड दाखवू शकत नव्हतो. तिथं मी जिवंत आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"आवो," ती म्हणाली, "जाऊन इचारा की त्यांना. एक डाव ऱ्हाऊ द्या म्हणावं ती शांतता."

"मी कसं विचारू?"

"तोंडानं."

"त्यांनीच मला इथं उभं केलंय गं."

"मग त्यांनाच सांगा, आता हितून पाडू नगा म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझं लेकरू रस्त्यात झालं तर त्याला काय सांगू? तुझ्या बापाला इचारायला लाज वाटली?"

मी गेलो. गिरदावर मोगऱ्याला पाणी घालत होते, अमीनांच्या घोड्यानं तुडवलेला वाफा नीट करत होते. मी वाफ्याच्या कडेला उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "कितवा लागला?"

"आठवा."

"हां." एक कळशी रिकामी झाली, दुसरी घेतली. "गुरुवारी कांदा जास्ती घे. माणसं लई येतील."

मी परत आलो. काय म्हणाले, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "कांदा जास्त घे म्हणाले." ती आत जाऊन ट्रंकेत कपडे भरायला लागली.

जिलेबीवाल्या अप्पांनी मला दोनच सल्ले दिले, दोन्ही उलटसुलट. आधी म्हणाले, "पळ बे कोकण्या, आजच." मग स्वतःच म्हणाले, "न्हाई न्हाई, पळू नगं. पळालास तर खरंच कायतरी हाय आसं वाटंल त्यांना, मग आमालाबी धरतील." बुधवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. म्हणाले, "आसं कर. समद्यांनी कढया उतरिवल्या तरी तू उतरवू नगं. तुझं तेल वाजत ऱ्हाऊ दे. तेल वाजतंय म्हंजे बाजार चालू हाय. अमीन काय करंल?"

"आणि गिरदावर काय करतील?"

अप्पा उठून गेले. त्यांच्याही गाडीची पहिली जिलेबी त्याच बागेत तळली गेली होती.

गुरुवारी माणसं खरंच खूप आली. तेलगावातून आली, नारायणगडाहून परतणारी आली, ज्यांनी कधी गाणं ऐकलं नव्हतं तीही आली. काय होतंय ते बघायला. अमीन दरवाजातून आले. गिरदावरांनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. दोन जवान माझ्या गाडीमागं येऊन उभे राहिले; त्यांच्या पट्ट्याच्या चामड्याचा वास मला भज्यांच्या वासातूनही येत होता. बायको येऊ नको म्हटलं तरी आली होती आणि चिंचेच्या बुंध्याला टेकून बसली होती. ट्रंक घरी दाराशी आणून ठेवलेली होती.

मोमिनाबादची बाई आली. तिला पहिल्या पत्रावळी गेल्या. लोकांनी खाल्लं. मी त्या दिवशी किती घाणे काढले ते आठवत नाही. दोनदा बोट भाजलं आणि ते घरी गेल्यावर कळलं. ऊन चिंचांच्या खाली उतरलं. बाई ओट्यावर बसली, तंबोरा मांडीवर घेतला.

गिरदावर ओट्याच्या कडेला आले. उपरणं वर गेलं.

अप्पांनी कढई उतरवली. फुटाणेवाल्यानं भट्टीवरून हात काढला. मी कढईच्या कानांना फडकं लावलं. अप्पांनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. मी धीट माणूस नाही. पण त्या वर धरलेल्या उपरण्यासमोर कढई जाळावर ठेवायला मला जेवढी हिंमत लागली असती, तेवढी माझ्याकडं नव्हती. मी उतरवली.

एरवी ती शांतता हळूहळू यायची. आधी पुढचे गप व्हायचे, मग मधले, मग शेवटी खरबुजांपाशी उभे असलेले. कुणी खोकायचं, कुणी चूळ थुंकायचं, एखादं पोर काहीतरी विचारायचं. त्या दिवशी तसं काही झालं नाही. एकाच दमात सगळी बाग गप झाली. पोरंसुद्धा. माझ्या तेलाची शेवटची चुरचुर मला मोजता येईल इतकी वेगळी ऐकू आली, आणि मग तीही बंद झाली.

अमीन खुर्चीवरून उठले. माझ्यामागच्या जवानानं पाय बदलला.

गिरदावर मान तिरकी करून ऐकत होते. नेहमीसारखे. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली, परत ऐकलं. मी त्यांना असं दोनदा ऐकताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी उपरणं खाली घेतलं. बाईनं सूर लावायला तोंड उघडलं, तर तिला हातानं थांबवलं. आणि ते ओट्यावरून उतरले.

माणसं वाट देत गेली. ते सरळ माझ्या गाडीपाशी आले. जवानांकडं त्यांनी बघितलंही नाही. उपरण्याची घडी केली, ती कढईच्या कानांभोवती गुंडाळली आणि तेलानं भरलेली कढई स्वतः उचलून चुलीवर ठेवली. उपरण्याला तेलाचा डाग पसरत गेला. खाली वाकून त्यांनी काटक्या सारल्या, फुंकर मारली. मग बाह्या वर न करता हात पिठात घातला आणि लिंबाएवढा एक गोळा तेलात सोडला. तेल अजून परत तितकं तापलं नव्हतं. गोळा बुडाशी गेला. सगळी बाग त्या गोळ्याकडं बघत होती. अमीनही. मग तो हळूहळू वर आला आणि चुरचुरायला लागला.

"अमीनसाहेब, बसा," गिरदावर मोठ्यानं म्हणाले. "बाजार चालू हाय."

त्यांनी दुसरा गोळा सोडला. तिसरा सोडला. मग ओट्याकडं बघून, "बाई, गा."

बाई म्हणाली, "ह्या आवाजात?"

"हौ. आज ह्याच्यातच."

बाईनं क्षणभर तेलाकडं कान दिला, एक खुंटी पिळली, आणि सुरू केलं. अमीन उभेच होते. मग बसले. दुसरं काय करणार? गाणं चालू होतं, बाजार चालू होता.

मी म्हणालो, "साहेब, माझ्यापायी तुम्ही तुमचा नियम..."

"तुझ्यापायी न्हाई बे." ते झाऱ्यानं गोळे उलटत होते, उलटायचे कसे ते माहीत नव्हतं, एक फुटला. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "तीस वर्सं मी घोड्यावर बसून गावात शिरायचो. शिरलो की गाव गप व्हायचं. बायका आत जायच्या, गडी हात जोडून उभे. लई चांगली वळखतो मी ती शांतता. दुसरी कसली आसती का, ती ऐकायची होती मला. इथं मिळायची." त्यांनी अमीनांच्या खुर्चीकडं बोट नाही, झारा दाखवला. "आज त्यांनी ती आणली, माझी जुनी. ती मला नको."

ते म्हणाले तसंच असेल. पण त्यांनी कढई अप्पांची उचलली नव्हती.

"इथं आल्यापासनं गाणं ऐकलंस का कधी?" त्यांनी विचारलं.

"कान असतो साहेब इकडंच."

"कान कढईवर आसतो तुझा. जा. पुढं बस."

"भजी करपतील साहेब."

"करपू दे. खातील लोक. जा म्हणतो ना."

मी फडकं त्यांच्या हाताशी ठेवलं. जवानांच्या मधून निघालो. त्यांनी अडवलं नाही. बायको चिंचेपाशी रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी ओट्यापुढं गेलो आणि मांडी घालून बसलो, सगळ्यांच्या पुढं, आणि हात कुठं ठेवावेत ते सुचेना म्हणून गुडघ्यांवर ठेवले. बाई गात होती. काय गात होती ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही. माझ्या पाठीमागं तेलाचा आवाज येत होता. तो मंद व्हायला लागला की मी उठायला बघायचो, आणि मग पीठ पडायचं आणि तेल परत चुरचुरायचं. अप्पा मध्येच "बारीक सोडा गिरदावर, बारीक," म्हणाले, त्यांना कुणीतरी गप केलं. ज्या माणसाला रवंथसुद्धा ऐकू यायचं, तो त्या आवाजात डोकं घालून, गाण्याकडं पाठ करून उभा होता. ऊन ओसरत चाललं होतं. सूर्य बुडेपर्यंत त्यांनी तेल एकदाही गप होऊ दिलं नाही.